केटुरा आत्याचा नकार

एल्मफर्ड कॉलेज, आयोवा
नववा महिना, ३० तारीख, १९०६

आत्या,

काल आम्ही जिंकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्र चुलीत घालण्यापूर्वी तू पहिली ओळ तरी वाचतेस हे मला माहीत आहे.

आता पुढचंही वाच. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, म्हणून तोंड वर करून बोलायची सवयही तुझीच. कॉलेजच्या समितीत तुम्ही बारा जण. अकरा जणांना फुटबॉल चालू राहायला हवाय. तू एकटी उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘मला हे पटत नाही.’ झालं. दुसऱ्या कॉलेजात हात वर करून मतं मोजली असती आणि सगळे जेवायला गेले असते. आपण पडलो क्वेकर पंथाचे. एकाला पटलं नाही की बाकीचे थांबतात. तडजोड म्हणून आम्हाला एका हंगामाची परवानगी मिळाली. अकराव्या महिन्याच्या शेवटी समिती पुन्हा बसेल, आणि तेव्हाही तू उभी राहिलीस तर एल्मफर्डचा खेळ कायमचा संपला. माझं अजून एक वर्ष बाकी आहे, आणि यंदा मी कप्तान आहे. तेव्हा माझा जीव कशात अडकलाय ते तुला कळेल.

तुझ्या डोळ्यांपुढे लेबन पिकेटचा गुडघा आहे, ठाऊक आहे मला. तो मैदानात पडला तेव्हा मी त्याच्या शेजारीच होतो. पण यंदा नियम बदललेत. एकमेकांच्या कमरेला धरून कळपानं अंगावर जायचं ते बंद झालं. चेंडू हातानं पुढे फेकता येतो. मर्टन आम्हाला सकाळी गणित शिकवतो आणि संध्याकाळी फेकायला शिकवतो, दोन्ही सारख्याच कंटाळलेल्या आवाजात.

आम्ही मोजून तेरा जण आहोत. डोकं जपायला सगळ्यांनी पाचव्या महिन्यापासून केस वाढवलेत. माझे मानेवर आलेत. एकदा येऊन खेळ बघ, मग काय ते ठरव.

तुझा,
ईनॉस

०

पिकेट्स कॉर्नर
दहावा महिना, ५ तारीख

ईनॉस,

पत्र चुलीत घातलं नाही. यंदा सरपण पुष्कळ आहे.

अकरा जणांना पटलं म्हणून मला पटावं, हे तुला कुणी शिकवलं? मी तरी नाही. अकरा मेंढ्या ओढ्यात उतरल्या तर बारावी उतरते, कारण ती मेंढी असते. मी उभी राहते तेव्हा मला काही गंमत वाटत नाही. अकरा जण माझ्याकडे बघतात, त्यातले निम्मे माझ्या लहानपणापासूनचे. घरी आल्यावर भाकरीचा घास उतरत नाही. तरी उभं राहावं लागतं.

लेबन काल कणसं सोलायला आला होता. काठी कुंपणाला टेकवली आणि पोत्यावर बसला. बाकीची पोरं ओळीनं पुढे सरकत गेली आणि हा होता तिथेच. चांगला सोलतो, तक्रार करत नाही. त्याची आई त्याच्याशी बोलताना तोंडाकडे बघत नाही, गुडघ्याकडे बघते. नियम बदलले म्हणतोस. गुडघे तेच आहेत ना?

केस वाढवून डोकं वाचतं म्हणे. डोकं वाचवायचे दुसरेही उपाय आहेत, ते डोक्याच्या आत असतात.

सोबत गाठोडं आहे. घोड्याची जुनी घोंगडी फाडून, कापूस भरून गाद्या शिवल्यात, दोन खांद्यांच्या आणि दोन गुडघ्यांच्या. आतून शिवून घे, म्हणजे सरकणार नाहीत. विरोध माझा खेळाला आहे, तुझ्या हाडांना नाही.

आत्या

०

एल्मफर्ड
दहावा महिना, १४ तारीख

आत्या,

गाद्या पोचल्या. अंगाला घोड्याचा वास येतो, त्यामुळे समोरचे जरा लांबच राहतात. सगळ्यांनी एकेकदा घालून बघितल्या आणि आता प्रत्येक जण म्हणतो, ‘तुझ्या आत्याला विचार ना.’ तुझ्या विरोधात खेळणारी टीम तुझ्याच घोंगड्या मागते आहे, हे समितीत सांगशील का?

गेल्या सामन्यात हरलो, काल जिंकलो. चेंडू पुढे फेकायची आमची युक्ती अजून कच्ची आहे. हरलो त्या दिवशी मी झकास फेकला, आणि ज्यानं झेलायचा तो ‘वा’ म्हणत बघत राहिला. मर्टननं टोपी काढून जमिनीवर आपटली. मग आठवण आली की रागावणं बरं नव्हे, म्हणून उचलून झटकून परत घातली.

शेवटचा सामना ब्रॅडिशशी. त्यांनी आम्हाला दरवर्षी लोळवलंय. त्यांच्याकडे दोन भाड्याचे गडी आहेत, जगजाहीर आहे, कुणी काही बोलत नाही. ब्रॅडिशला हरवलं तर समितीत तू काय बोलशील ते बघतोच.

आमच्याकडेही एक नवा विद्यार्थी आलाय, रिग्ज नावाचा. चांगला दणकट आहे. सुलेखनाच्या वर्गात नाव घातलंय. जेसी हॉब्सननं आणला त्याला.

थंडी पडू लागली. तुझा खोकला कसा आहे?

ईनॉस

०

पिकेट्स कॉर्नर
दहावा महिना, १९ तारीख

ईनॉस,

खोकला बरा आहे. तो विषय तू कशासाठी काढलास तेही कळलं.

जेसी हॉब्सन आमच्या समितीत आहे, पिठाची गिरणी चालवतो, आणि उन्हाळ्यात तुमच्या खेळाच्या बाजूनं सगळ्यांत मोठ्यानं तोच बोलला. त्यानं आजवर कॉलेजला एक पुस्तक दिलं नाही, आणि आता विद्यार्थी देतो? लेबन म्हणतो, रेल्वेच्या कारखान्यात घण घालणारा एक रिग्ज आहे, लग्न झालेला, दारातून आत येताना वाकावं लागतं असा. सुलेखन शिकायचं हे वय चांगलं निवडलंन.

मी अंदाज बांधत बसत नाही. एकच प्रश्न विचारते. तो विद्यार्थी आहे का?

आपण कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही, कारण आपलं ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही. तुझ्याकडून तेवढाच एक शब्द हवा. हवामान, खोकला, मर्टनची टोपी, काही नको.

आत्या

०

पिकेट्स कॉर्नर
अकरावा महिना, १० तारीख

ईनॉस,

झाडांची पानं गळून गेली, डुकरं विकून झाली, तुझा शब्द आला नाही.

उत्तर न देणं हेही उत्तरच असतं. तू कप्तान आहेस. खोटा माणूस शेजारी उभा करून जिंकणार, आणि मग त्या जिंकण्याच्या जोरावर माझ्यासमोर समितीत बोलणार. मला वाटलं होतं, माझ्या घरात वाढलेला पोरगा हरला तर हरेल, पण असा झाकपाक करणार नाही. वाईट वाटलं, लपवत नाही.

मी कुणाला काही सांगायला जाणार नाही. ते तुझं काम. पण समिती बसेल तेव्हा मी उभी राहीन, आणि या खेपेला माझ्याकडे लेबनच्या गुडघ्याहून मोठं कारण असेल.

आत्या

०

एल्मफर्ड
अकरावा महिना, १४ तारीख

आत्या,

नाही. तो विद्यार्थी नाही.

हा शब्द लिहायला उशीर झाला, कारण आधी तो मला इथे म्हणायचा होता. तुला लिहून मोकळा झालो असतो आणि मैदानात रिग्जशेजारी उभा राहिलो असतो, तर तुझं हे रागाचं पत्र खरं झालं असतं. अर्धा हंगाम नुसता घुटमळत राहिलो. रिग्ज बसला होता बाकावर, जेसीनं त्याला ब्रॅडिशसाठीच राखून ठेवला होता. मी रोज म्हणायचो, उद्या बोलू.

परवा मर्टननं सगळ्यांना गवताच्या कोठारात बसवलं. म्हणाला, ‘रिग्जला खेळवायचं का? मी सांगणार नाही, तुम्ही ठरवा, आपल्या रीतीनं.’ मग सगळे गप्प बसलो, प्रार्थनेच्या सभेत बसतो तसे. एकेक जण बोलला. ब्रॅडिशवाले खेळवतातच. जिंकलो तर खेळ वाचेल. हरलो तर पुढच्या वर्षी मैदानात मका असेल. एकेक मुद्दा बरोबर होता गं. मलाही पटत होता. बारा जण झाले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

उभा राहिलो. म्हटलं, ‘मला हे पटत नाही.’

कुणीतरी म्हणालं, ‘आत्यानं पढवून पाठवलंय.’ एक जण म्हणाला, ‘अरे, तुला खेळ हवाय की नकोय?’ हवाय म्हटलं, तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. मग बस की खाली. नाही बसत. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. शेवटी मर्टन उठला, म्हणाला, एकमत नाही, रिग्ज खेळणार नाही. आणि निघून गेला.

रिग्जला सांगायला मीच गेलो. तो हसला. म्हणाला, ‘पोरा, मला त्या वर्गात टाक धरता येत नव्हता, सुटलो. पण तुम्ही सपाटून मार खाणार.’ माणूस वाईट नाही.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर मीठ मागितलं तर कुणी पुढे करत नाही. सरावाला सगळे येतात, मी सांगतो ते करतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत.

एकट्यानं उभं राहायला इतकं जड जातं, हे तू कधी बोलली नाहीस. घास उतरत नाही असं लिहिलं होतंस, ते मी वाचून हसलो होतो.

अजूनही मला वाटतं की खेळाच्या बाबतीत तू चुकते आहेस. आता आम्ही बहुतेक हरणार आणि तुझं काम सोपं होणार. होऊ दे. तरी आम्ही खेळणार, आणि असे खेळणार की ब्रॅडिशला घाम फुटेल.

ईनॉस

०

एल्मफर्ड
अकरावा महिना, २५ तारीख

आत्या,

हरलो. त्यांचे सहा, आमचे पाच.

कुंपणापाशी पिकेटांची बग्गी दिसली, लेबनशेजारी तुझी राखाडी टोपी दिसली. सामना संपल्यावर मी धावत आलो तोवर तुम्ही वळणावर पोचला होता. एक शब्द न बोलता गेलीस. त्याचा अर्थ काय घ्यायचा तो मी घेतला.

शेवटची लाथ माझी होती. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला असता तर बरोबरी होती. खांबाला लागून बाहेर गेला. खोलीत कुणी आलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं मोडलीत, खांदे आणि गुडघे शाबूत आहेत. गाद्यांबद्दल आभार मानायचे राहिले होते.

समितीत तुला जे म्हणायचं ते म्हण. मी रागावणार नाही. एकट्यानं उभं राहून बघितल्यावर आता ते जमणारही नाही.

ईनॉस

०

पिकेट्स कॉर्नर
बारावा महिना, २ तारीख

ईनॉस,

आधी माझं देणं. तुला झाकपाक करणारा म्हणाले होते, तो शब्द परत घेते. तुझी आणि माझी गाठ पडेल तेव्हा तोंडानंही घेईन.

आता सामना. खेळ मला कळला नाही. सगळे एकमेकांवर पडतात, शिट्टी वाजते, उठतात, चिखल झटकतात आणि त्याच जागी पुन्हा पडतात. लेबन शेजारी बसून समजावत होता. ‘तीन खेपांत दहा यार्ड सरकायचं, आत्या.’ म्हटलं, एवढ्या माणसांना एवढंच सरकायला तीन खेपा? पण नंतर नंतर मी त्याला गप्प राहायला सांगितलं, कारण बघता येईना.

ब्रॅडिशचे ते दोघे खरंच राक्षस होते. प्रत्येक खेपेला ते तुमच्यातल्या एखाद्याला उताणा पाडत होते आणि तो उठून परत त्यांच्याच समोर जाऊन उभा राहत होता. मग तू तो चेंडू फेकलास. अख्ख्या मैदानाच्या डोक्यावरून. आणि ज्यानं ‘वा’ म्हणायचं तो या वेळी मुकाट्यानं झेलून पळाला. मी ‘पळ’ म्हणाले. लेबन म्हणतो ओरडले. मी म्हणाले. बग्गीच्या बैठकीवर उभी कशी झाले ते मात्र मला सांगता येणार नाही. लेबन तर गाडीतून खाली उतरला होता आणि काठी माझ्याच हातात होती.

शेजारी एक धिप्पाड माणूस तुमच्या नावानं घसा फोडत होता. मला म्हणाला, ‘मावशी, तो कप्तान तुमचा कोण?’ म्हटलं, भाचा. म्हणाला, ‘फार हट्टी आहे हो.’ म्हटलं, घरातलंच आहे. नंतर लेबननं सांगितलं की तो रिग्ज.

न बोलता का गेले? माझा आवाज पार बसला होता. तशा घोगऱ्या आवाजात तुझ्याशी बोलले असते तर तू जन्मभर चिडवलं असतंस.

परवा समिती बसली. मला वाटलं होतं, नेहमीसारखी मी एका बाजूला आणि अकरा एका बाजूला. झालं भलतंच. जेसी हॉब्सन पहिला उठला आणि म्हणाला, हा खेळ आता बंद करावा. हाडं मोडतात, पोरं अभ्यास विसरतात, शेजारच्या कॉलेजात आपली शोभा होते. ‘लेबनचं काय झालं ते आपण पाहिलंच,’ असंही म्हणाला. उन्हाळ्यात ज्यांना तो गुडघा दिसला नव्हता त्यांना हरल्यावर दिसला. रिग्जबद्दल चकार शब्द नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. चिटणीसानं ठराव वाचला, खेळ बंद. विचारलं, सगळ्यांना पटतंय ना? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. केटुराला पटणार, हे धरूनच चालला होता.

मला फक्त गप्प बसायचं होतं, ईनॉस. वर्षभर जे मागत होते ते आयतं ताटात आलं होतं. आणि मी बसून राहिले असते तर लेबनच्या आईनं मला दुवा दिला असता.

उभी राहिले. म्हटलं, ‘मला हे पटत नाही.’

चिटणीसाचा चष्मा नाकावर आला. म्हणाला, ‘केटुरा, तू तर खेळाच्या विरोधात ना?’

म्हटलं, ‘आहे. हाडं मोडतात म्हणून बंद करायचा तर मला आजच हवाय. पण तुम्ही तो हरल्याबद्दल बंद करताय. खोटा माणूस आणून दिला होता, तो पोरांनी घेतला नाही, म्हणून हरले. त्यांनी खरं वागून दाखवलं त्याची ही शिक्षा मी माझ्या सहीनं देणार नाही.’

जेसी आपल्या बुटांकडे बघत होता. अकरा जण एका बाजूला आणि मी एकटी, पुन्हा. तुला वाटत असेल मला सवय झाली असेल. सवय होत नाही.

शेवटी सायलस पिकेट उठला, लेबनचा बाप. तो वर्षानुवर्षं समितीत बसतो आणि कधी बोलत नाही. म्हणाला, ‘पोरगा दुखापतीनंतर घरात खेळाचं नाव काढू देत नव्हता. सामना बघून आला आणि जेवताना आईला चमचे मांडून दाखवत होता, कोण कुठे उभा होता ते. मलाही हा ठराव पटत नाही.’ आणि खाली बसला. त्यानंतर एकेक जण बोलायला लागला.

नवा ठराव झाला. आणखी एक वर्ष परवानगी. वर्गात नियमानं बसणाराच खेळेल. प्रत्येकाच्या अंगावर गाद्या असतील, आणि त्या शिवायचं काम कुणावर आलं ते सांगायला नको. चिटणीसानं विचारलं, कुणी आडवं येतंय का? सगळे माझ्याकडे वळले. म्हटलं, ‘पटत नाही. पण आडवी येत नाही. अगदी तसंच लिहून घ्या.’

तसंच लिहिलंय. पुढच्या वर्षी मी पुन्हा उभी राहीन, लक्षात ठेव. माझं मत बदललेलं नाही.

मक्याचं शेवटचं शेत राहिलंय. बोटं बरी झाली की ये. आणि देवाच्या नावानं आता केस कापून ये, माणसांत बसायचंय.

आत्या

०

एल्मफर्ड
बारावा महिना, ६ तारीख

आत्या,

तुझं पत्र मर्टननं वाचायला मागितलं, मी दिलं. त्यानं कोठारात सगळ्यांना वाचून दाखवलं, त्याच कंटाळलेल्या आवाजात. बग्गीवर उभी राहिलीस तिथे पोचल्यावर मात्र त्याला थांबावं लागलं. वाचून झाल्यावर आम्ही तसेच बसून राहिलो, सभेत बसतो तसे, पार अंधार पडेपर्यंत.

काल जेवताना मीठ माझ्यापर्यंत आलं. मी मागितलं नव्हतं.

शनिवारी, म्हणजे आपल्या सातव्या वारी, निघतो. दोघं-तिघं माझ्याबरोबर येतायत, तुझं शेत एका दिवसात होईल. लेबनला सांग की आम्ही सगळे पोत्यांवर बसूनच सोलणार आहोत. घोंगड्या शोधून ठेव, पुढच्या वर्षी आम्ही पंधरा असू. तुझ्या बग्गीसाठी मैदानाच्या मधोमध, दोरीला लागून जागा ठरवली आहे. तिथून तुला विरोध नीट करता येईल.

केस कापलेले नाहीत. परवानगी एका वर्षाची आहे.

तुझा,
ईनॉस